कॉइनचं तिकीट

आमच्या मेडशीच्या ष्टँडवर एक कंडक्टर होता, त्याच्याजोळ गाडी नव्हती. ठेला होता. टिनाचा, हिरवा, समोर लाकडाची फळी. एसटीतून रिटायर झाल्यावर त्यानं तो टाकला. मोबाइलचा रिचार्ज मारे, लाइटचं बिल भरे आन पोट्ट्याइले गेमचे कॉइन इके. कॉइन म्हंजे हातात येत नाई. पैसे खरे द्या लागते, कॉइन मोबाइलात दिसते, आन त्या गेममधीच चालते. बाहेर त्याची पावभर बोरं बी येत नाई. हे मले चांगलं समजत होतं. समजून उमजून घेतले, म्हनून तं सांगून राह्यली. न समजता घेतले असते तं लोकाइनं भोळी बुढी म्हनून सोडून देल्लं असतं.

त्याचं नाव गावात कोनी घेत नसे. घरची बी म्हने, "कंडक्टर जेवाले आले काय?" अंगात तोच खाकी शर्ट, कोपराजोळ ठिगळ लावलेला. गळ्यात चामड्याची थैली. आन हातात तिकिटाले छिद्र पाडायचा जुना चिमटा. तो चिमटा त्याच्याजोळ कसा राह्यला हे कोनी इचारू नये. एकानं इचारलं तं त्याले आठ दिवस रिचार्ज नाई भेटला.

कोनी कॉइन मागितले की तो मान वर न करता इचारे, "कुठी?"

नवीन मानूस गोंधळे. "कुठी म्हंजे? मोबाइलात टाका ना."

"मोबाइलात तं सारेच बसले हायेत. उतरनार कुठी ते सांगा."

मंग सांगा लागे, कोनता गेम हाय, कोनासंगं खेळून राह्यला. ते झालं की नंबर. गेममधी ज्याचा त्याचा एक नंबर असते, त्या नंबरावर कॉइन जाते. बाकी दुकानदार तुमचा मोबाइल हातात घेऊन पाहून घेतेत. हा नाई घे. "प्रवाशाच्या खिशात कंडक्टर हात घालत नाई. तोंडानं सांगा." असं म्हने आन कान पुढं करे. नंबर सांगतला की साबनाच्या खोक्याचं कापलेलं पुठ्ठं घे, त्यावर लिही, चिमट्यानं टिक करून छिद्र पाडे आन हातात दे. "तिकीट सांभाळा. चेकर आला तं दाखवा लागन." चेकर काई कधी आला नाई. मी तरी सारे तिकीट डब्यात ठेवले. आला असता तं?

ठेल्यासमोर दोन बाकडे होते, एकामांगं एक, गाडीतल्यासारखे. पुढच्यावर रंगानं लिहेल होतं, स्त्रियांसाठी राखीव. मी आली की तीन-तीन पोट्टे मुकाट्यानं उठत. माह्या पन्नास-पंचावन्न वर्षात माह्यासाठी कोनी जागेवरून उठलं नव्हतं. तवा खरं सांगते, कधीमधी काम नसलं तरी मी जाऊन बसे.

बारा वर्षाखालच्याले अर्धं तिकीट. म्हंजे पोट्ट्यानं शंभराचे कॉइन मागितले की पन्नासाचेच दे, बाकीचे पन्नास परत. "उरलेले बापासंगं येऊन घ्या." एक डाव कारंज्याकडचा एक मोठा पोरगा फटफटी घेऊन आला. गोळ्या मारायच्या गेमसाठी बम पैशाचे कॉइन पाहिजे होते त्याले.

"कुठी?"

"टॉपले जायचं हाय, काका."

"ते गाव आपल्या रूटवर नाई. उतरा."

पोरगा गाडीवर बसलेलाच होता. उतरू का जाऊ, त्याले समजलंच नाई.

सोता कंडक्टर कोनताच गेम खेळे नाई. "मी गाडी चालवत नाई. तिकीट फाडतो," म्हने.

आता मी कायले गेली त्याच्या ठेल्यावर, ते सांगा लागन.

मले एक पोरगी. तिचा बाप ती दुधावर असतानीच तापानं गेला. मंग निंदन केलं, सोयाबीन सोंगलं, तूर कापली. सोयाबीनच्या खुटानं तळहात असे झाले की पोरगी लहानपनी म्हने, माय, तुह्या हातानं पाठ खाजव, लाकूड नोको. रडाले येळ नव्हता, आन रडून कोनं रोजी वाढवली हाय? पोरगी बारावीपर्यंत शिकली. मंग म्या शहानपना केला. अनसिंगचं एक ठिकान पाह्यलं, पोरगा नोकरीवर. पाव्हने आले, पोहे खाल्ले, पसंती सांगून गेले. पोरगी म्हने, मले इचारलं काय? मले पुन्याले कंपनीत काम भेटून राह्यलं, मी चालली. म्या रागात म्हनलं, "गेलीस तं परत येऊ नोको."

तिनं जल्मात माह्यं एक बोलनं तंतोतंत ऐकलं, ते हे.

चार वर्षं आली नाई. फोन नाई. तो अनसिंगचा पोरगा पुढं काय निंगाला, ते मी सांगत नाई. माह्यंच हसू होईन. मी बी फोन केला नाई. मोठी मी. मी कायले करू?

शेजारी रेखा राह्यते, नवीन सून, गुनाची पोट्टी. तिनं माह्या मोबाइलात लुडो टाकून देल्ली. आपन सारीपाट खेळतो तसंच, पन समोरचा मानूस दूरगावी असला तरी चालते. टाकता टाकता रेखा म्हने, "बुढे, हे पाय, तुही पोरगी बी हाय याच्यात." तिचा फोटो. गोल, बोराएवढा. रेखानं मले न इचारता खेळाले बोलावनं धाडलं. म्या तिले शिव्या देल्ल्या. देता देता मोबाइल वाजला. पोरगीनं हो म्हनलं होतं.

पोरीची जेवनाची सुट्टी एक वाजता. आमची वावरात बी एक वाजताच. मंग रोज मी बाभळीखाली भाकर खाऊन मोबाइल काढे. बोलनं नाई, लिहनं नाई. ती फासा टाके, मी टाको. बस. त्या खेळात समोरच्याले भेट धाडता येते. फूल, टमाटर, काय काय. रेखानं दाखवलं होतं, हे दाबलं की गुलाब जाते. माह्या डोळ्यात मोतीबिंदू. म्या अंदाजानं दाबलं. मोबाइलातून चप्पल उडाली आन फाटकन पोरीच्या फोटोवर जाऊन बसली. आवाजासंगं.

चार वर्षानं पोरीशी पहिलं बोलली, ते चप्पल.

बाभळीखालच्या बाया पोट धरून हसल्या. मी घाबरली. संपलं, म्हनलं. थोड्या येळानं तिकडून टमाटर आला, माह्या तोंडावर. रेखाले सांगतलं तं ती म्हने, "बुढे, भांडन चालू झालं."

म्या म्हनलं, "भांडते म्हंजे बोलते."

आता ओळखीच्या मानसासंगं खेळाचं असलं की दर डावाले कॉइन लागते. फुकटचे थोडे भेटतेत, त्यात ती खोली उघडत नाई. आन जो हरला त्याचे कॉइन जिकनाऱ्याले जातेत. मी रोज हरे. गावात सांगत फिरे की मी मुद्दाम हरते, पोरीले तेवढंच माह्या हातचं जाते, दुसरं काई तं ती घेत नाई. आयकनाऱ्याच्या डोळ्यात पानी ये. खरं असं हाय की मले खेळताच येत नाई. चार सोंगट्यातली कोनती हालवाची हेच समजे नाई, जे हाताले लागन ते दाबे.

असे कॉइन संपले. रेखा मले कंडक्टरकडं घेऊन गेली.

"कुठी?"

म्या म्हनलं, "लुडो."

"ते गाडीचं नाव झालं. कुठी जायचं?"

बाकड्यावर पोट्टे बसले होते. मले लाज वाटली. बारीक म्हनलं, "पुन्याले. पोरगी हाय."

पोट्टे हसले. त्यानं चिमटा फळीवर आपटला. "हसू नोका. लांबचं तिकीट हाय." आन पुठ्ठ्यावर लिहलं. रेखानं वाचून दाखवलं, मेडशी ते पुणे. टिक.

सात-आठ महिने असंच चाललं. पंधरा दिवसानं एक तिकीट. नंबर रेखा सांगे. मंग रेखा बाळंतपनाले माहेरी निंगाली. जाताना म्हने, बुढे, नंबर पाठ कर. नऊ आकडे पाठ व्हाले मी काय तहसीलदार हाय? पन मले एक जुनी सवय. मुकडदम मजुरीचे दिवस कमी लावे म्हनून मी गोधडीच्या जाड दोऱ्याले रोजची एक गाठ मारो. त्यानं अकरा म्हनले की दोरा दाखवो, मोज म्हनो, चवदा हायेत. तसाच दोरा घेतला. रेखा एकेक आकडा सांगे, मी तेवढ्या गाठी मारो, मंग बोटभर जागा सोडो, मंग पुढचा आकडा. चार गाठी. जागा. सात गाठी. जागा. मंग रेखा म्हने, शून्य.

आता शून्याले काय गाठ मारू? शून्य म्हंजे काईच नाई. तं काईच नाई मारलं.

रेखा गेल्यावर मी एकटी गेली. दोरा बोटाखालून सरकवत कंडक्टरले नंबर सांगतला. चार. सात. दोन. पुढचे बी सारे. शून्य कुठी गेलं ते मले बी नाई समजलं. त्याच्या मोबाइलात एक नाव आलं. तो म्हने, "नाव तुमचंच काय, बाई?"

"काय हाय?"

"इंग्रजी हाय."

"मंग माह्यंच. रेखानं इंग्रजीच टाकलं हाय."

टिक.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मोबाइल उघडला, तं कॉइन नाई. पोरगी हिरव्या टिपक्यात बसलेली दिसून राह्यली, बोलावनं धाडून राह्यली, आन मले दार उघडता येईना. हातातली भाकर तशीच ठेवून ष्टँडवर गेली. म्या मोबाइल समोर धरला, कंडक्टरनं त्यातला नंबर वहीत उतरलेल्या कालच्या नंबरासंगं लावून पाह्यला. कालच्यात आठच आकडे. माह्ये कॉइन कोन्या दुसऱ्याच मानसाले जाऊन बसले होते. कोन, कुठचा, देव जाने. आमी देव मानत नाई, पन अशा येळी तोच आठवते.

म्या म्हनलं, "जाऊ द्या भाऊ, माह्यीच चूक. शून्याले गाठ नाई मारली."

त्याचा चेहरा पडला. "प्रवाशी दुसऱ्याच गाडीत बसवला मी. अठ्ठावीस वर्षात असं झालं नव्हतं."

मंग त्यानं चौकशी लावली. मस्करी नाई, साऱ्या ष्टँडसमोर. ठेल्याच्या बाहेर उभा राहून इचारे, "नाव पक्कं इचारलं होतं काय?" मंग वाकून आत जाऊन बसे आन उत्तर दे, "इचारलं, साहेब." परत बाहेर. "इंग्रजी हाय म्हनून सोडून देल्लं काय?" परत आत. "सोडलं, साहेब." असं पाच-सहा डाव. गुडघे दुखे त्याचे, तरी. शेवटी बाहेरच्यानं निकाल देल्ला, आठ दिवस. आतल्यानं मान खाली घालून आयकला.

माह्ये पैसे त्यानं थैलीतून काढून हातावर ठेवले. ठेल्याची फळी लावली, खडूनं पाटी लिहून टांगली. वाहक निलंबित. आन समोरच्या बाकड्यावर जाऊन बसला, मांगच्या. राखीववर नाई बसला.

"भाऊ, मले पैसे नोको, कॉइन द्या."

"निलंबित मानूस तिकीट फाडू शकत नाई, बाई."

पोट्टे त्याच्या पाया पडत. "आबा, दोन मिनिटं उघडा, आमची टीम मरून राह्यली."

"मरू द्या. आठ दिवस."

दुसरा ठेला आमच्या जोळच्या मालेगावले होता. जाता आलं असतं. पन माह्यं डोस्कं. पोरीपुढं चार वर्षं नाई वाकलं, मालेगावपुढं कायले वाकीन? म्या बी ठरवलं, यानंच बिघडवलं, यानंच नीट करावं. त्याले नाई नाई ते बोलली. खाकीतलं भूत म्हनलं. तो बाकड्यावर आयकत बसे.

एक वाजे. पोरीचं बोलावनं ये. मी पाहो. मंग बंद होये. तिसऱ्या दिवशी तिनं चार डाव बोलावलं. चौथ्या दिवशी मोबाइल मी घरीच ठेवला. पाह्यनं होये नाई.

पाचव्या दिवशी राह्यवलं नाई, संगं नेला, तं बाभळीखाली फोन वाजला. फोटोवरून समजलं, पोरगी. हातात भाकरीचा तुकडा होता, तो टोपल्यात ठेवला. उचलला.

तिकडून, "जित्ती हाय काय?"

"हाय."

"मंग खेळाले काहून नाई येऊन राह्यली?"

"कॉइन नाई."

"भर ना मंग."

"कंडक्टर निलंबित हाय."

"कोन कंडक्टर? काय बोलून राह्यली, माय?"

माय म्हनली. तिच्या ध्यानात नाई आलं, माह्या आलं. म्या सारं सांगतलं. दोरा, गाठी, चौकशी. ती हसाले लागली ते थांबे नाई, कंपनीतल्या पोरी इचारत होत्या काय झालं म्हनून.

"शून्याले गाठ नाई मारली तुनं?"

"शून्य म्हंजे काईच नाई ना? तं कायची मारू?"

हसनं थांबलं. मांगं कंपनीचा भोंगा वाजला. ती म्हने, "सुट्टी संपली. उद्या एक वाजता करते. फोनले कॉइन लागत नाई."

रोज करे मंग. जेवली काय, गुडघा कसा हाय, रेखाले काय झालं. पन इकडं यायचं काई म्हने नाई. मी बी नाई म्हनलं.

आठ दिवस झाले, कंडक्टर कामावर रुजू झाला. मी गेली. त्यानं मान वर न करता इचारलं, "कुठी?"

"कुठीच नाई. सांगाले आली. पोरगीचा फोन येते आता."

त्यानं मान वर केली. "येनार काय ती?"

"नाई म्हनली काई."

"तुमी ये म्हनलं काय?"

"ते काय सांगा लागते? समजत नाई काय तिले?"

त्यानं चिमटा खाली ठेवला. "बाई, अठ्ठावीस वर्षं गाडीत लोकं असेच बसले. कंडक्टरले समजते म्हनून गप. त्याइचं गाव निंगून जाये, मंग वरडत. येऊ नोको हे तोंडानं सांगतलं होतं ना? मंग ये बी तोंडानंच सांगा लागन."

"पाहीन उद्या."

"उद्या कायले? एक वाजाले आला."

मले उठता येईना. बाकडं राखीव, पोट्टे उभे, कोनी हसत नव्हतं. फोन वाजला. पोरगी म्हने, "जेवली काय?"

सोयाबीनचं भरलेलं पोतं डोक्यावर घेतलं तवा बी एवढं जड गेलं नव्हतं.

म्या म्हनलं, "घरी ये."

"काय म्हनली?"

परत म्हनलं. जरा मोठ्यानं झालं, भैऱ्याले बी ऐकू गेलं असंन. "घरी ये वं माय. म्या चुकीचं बोलली होती."

ती म्हने, "सुट्टी टाका लागन."

ठेल्यातून टिक आवाज आला. त्यानं कोरं पुठ्ठं छिद्र पाडून माह्या हातात देल्लं. पैसे घेतले नाई. "हे दोऱ्यात ओवा. शून्याची जागा आली की हे हाताले लागन. गाठ नसते त्याले, पन जागा असते."

मी ओवलं. अजून हाय.

पोरीले सुट्टी भेटाले दोन महिने लागले. त्यात एक दिवस कंडक्टर जेवाले घरी गेला आन परत नाई आला. जेवून हात धुतला, भितीले टेकला, तसाच. त्याच्या घरच्याइनं ठेल्याले कुलूप लावलं. काईतरी पाटी लावा म्हनून शोधली तं आत तीच एक भेटली, तीच टांगली.

पोरगी अकोल्याच्या गाडीनं आली. मी राखीव बाकड्यावर बसून होती, सकाळपासून. उतरली, अंगानं भरली होती, पायात बूट. पाया पडली. मले काई सुचेना, म्या इचारलं, "तिकीट सांभाळून ठेवलं ना?" इतक्या वर्षानं पोरगी आली आन मी तिकीट इचारून राह्यली!

ती हसली. मंग तिची नजर ठेल्यावर गेली. पाटी वाचली तिनं. "वाहक निलंबित. अजून, माय?"

म्या तिची पिशवी उचलली. म्हनलं, "व्हय. या खेपेले जरा जास्त दिवसाचं हाय."